फिरोजाची अंगठी: ठसा काय सांगतो, खडा काय सांगतो

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना किंवा न्यू मेक्सिकोत कोणे एके काळी घेतलेली चांदीची फिरोजा अंगठी वारशाने हातात आली, की आपण आधी तिची आतली बाजू पाहतो. '९२५' दिसले की जीव भांड्यात पडतो आणि काहीच दिसले नाही की अंगठी खोटी ठरते. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

आपल्याकडे सोन्यावरचा हॉलमार्क परीक्षण केंद्रात तपासणी झाल्यावरच उमटतो. अमेरिकेत अशी सरकारी तपासणी नाही. तिथला ठसा कारागीर किंवा कंपनी स्वतः मारते, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी असल्याचा तो बनवणाऱ्याचा दावा असतो. शुद्धतेचा ठसा मारलाच तर शेजारी बनवणाऱ्याची खूण हवी, असे १९६१ पासून तिथला कायदा सांगतो. पण ठसा मारलाच पाहिजे अशी सक्ती नाही. अंगठी तिथल्या नाव्हाहो या आदिवासी जमातीच्या कारागिराची आहे हे '९२५'वरून मुळीच कळत नाही. जयपूरच्या अंगठीवरही हाच आकडा असतो.

उलट ठसा नसणे हे जुन्या अंगठीला शोभणारेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाव्हाहो लोक चांदीकाम शिकले ते अमेरिकन आणि मेक्सिकन नाणी वितळवून, आणि कामावर नाव घालण्याची रीत त्यांच्यात नव्हती. ती सर्रास झाली १९७० च्या दशकात, या दागिन्यांना मोठी मागणी आली तेव्हा. आद्याक्षरे असली तरी तीच अक्षरे अनेकांची असतात. म्हणून ठशांच्या पुस्तकातून फक्त संभाव्य नावे मिळतात. कोंदणाची कड, पट्टीवरची नक्षी आणि डाक देण्याची पद्धत त्या कारागिराच्या इतर कामाशी जुळली, तरच नावाला वजन येते. बाण, थंडरबर्ड (पुराकथेतला पक्षी) अशा चिन्हांच्या हलक्या अंगठ्या तर पर्यटकांसाठी कारखान्यांतही बनत.

खड्याबाबत सर्वांत घट्ट बसलेला समज म्हणजे हिरवट फिरोजा खोटा. फिरोजा हे तांबे आणि अ‍ॅल्युमिनियमचे पाणीदार फॉस्फेट. तांब्यामुळे तो निळा दिसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जागी लोह शिरले की हिरवा होतो. शिवाय तो सच्छिद्र असल्याने वर्षानुवर्षे तेल, घाम आणि क्रीम पिऊनही हिरवा पडतो. काळ्या रेषा हाही पुरावा नाही. अ‍ॅरिझोनातल्या स्लीपिंग ब्यूटी खाणीचा आकाशी खडा बहुधा रेषांवाचूनच असतो, आणि फिरोजा म्हणून खपवल्या जाणाऱ्या रंगवलेल्या हाउलाइट या दुसऱ्या खनिजात मात्र रेषा सहसा असतात. भिंगातून पाहा: रंग भेगांमध्ये साचलेला दिसला तर संशय घ्यावा. केवळ रंग पाहून कोणी खाणीचे नाव सांगितले, तर तो अंदाज समजावा. एकाच खाणीतून किती तरी छटा निघतात.

तापलेल्या सुईची परीक्षा कृपया करू नका. मजबुतीसाठी खड्यात राळ भरली आहे की नाही हे त्यातून कळेलही, पण खड्यावर डाग कायमचा राहतो. अंगठी पाण्यात भिजवू नका. जुन्या कोंदणात खड्याखाली लाकडाचा भुसा भरलेला असू शकतो. घासूनपुसून चकचकीतही करू नका, नाहीतर उथळ ठसा पुसट होतो. प्रयोगशाळेत अवरक्त आणि रामन वर्णपटाने खडा व त्यातली राळ यांचा निर्वाळा इजा न करता मिळतो.

अमेरिकेत अंगठी विकायची असेल तर पुराव्याशिवाय 'नाव्हाहो' लिहू नये. १९९० च्या कायद्याने आदिवासी कारागिरीचा खोटा दावा करून माल विकणे हा गुन्हा आहे.