थाई भाषेचे पाच सूर

पिंपरी-चिंचवड, चाकण व तळेगाव या पट्ट्याप्रमाणेच थायलंडचा रयोंग प्रांतही मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. जनरल मोटर्स ही एकच कंपनी २०२० सालापर्यंत तळेगाव व रयोंग या दोन्ही ठिकाणी मोटारी बनवीत असे. चाकणच्या एखाद्या पस्तिशीतील तंत्रज्ञास कामानिमित्त तिकडे जावयाचे झाल्यास थाई बोलणे त्याला कितपत साधेल?

आरंभ तर आशादायक असतो. थाई लिपी ब्राह्मीच्याच वंशातील. तिच्या ४४ व्यंजनाक्षरांचा क्रमही कवर्ग, चवर्ग असाच आहे. क्रियापदास लिंग, वचन वा काळ यांचे प्रत्यय लागत नाहीत. क आणि ख, प आणि फ यांतील भेद मराठी जिभेला शिकवावा लागत नाही. शब्दही ओळखीचे भेटतात. आपली ‘भाषा’ तेथे ‘फासा’ होते, ‘नगर’ ‘नखॉन’ आणि ‘गुरु’ ‘ख्रू’.

परंतु या ओळखीनेच शिकणारा गाफील राहतो. थाईत सम, खालचा, उतरता, वरचा व चढता असे पाच सूर आहेत. ‘मा’ सम सुरात म्हटले तर ‘येणे’, वरच्या सुरात ‘घोडा’ आणि चढत्या सुरात ‘कुत्रा’! मराठीतही सूर आहेच. ‘बरं’ हा एकच शब्द होकारासाठी, प्रश्नासाठी किंवा धाकासाठी निरनिराळ्या सुरांत उच्चारला जातो. मात्र तेथे भाव पालटतो, शब्द तोच राहतो. थाईत शब्दच पालटतो. म्हणून प्रश्न विचारताना शेवटचा शब्द सवयीने उंचावणे तेथे घातक ठरते. प्रश्नासाठी ‘माय’ हा स्वतंत्र शब्द वाक्याच्या अखेरीस जोडावा लागतो.

दुसरा धोका वहीचा. ‘जवळ’ आणि ‘दूर’ या दोहोंसाठी थाई शब्द देवनागरीत ‘क्लाय’ असाच लिहावा लागतो. उतरत्या सुरात तो ‘जवळ’, सम सुरात ‘दूर’. परक्या गावी वाट विचारणाऱ्यास हा भेद किती महागात पडेल, हे सांगावयास नको.

यास्तव प्रौढ विद्यार्थ्याने प्रथम लेखणी बाजूस ठेवून कान उघडावा. प्रत्येक शब्द त्याच्या सुरासकट ऐकावा, मोठ्याने म्हणावा, आणि थाई माणसाकडून दुरुस्त करून घ्यावा. लहान मूल चुकण्यास लाजत नाही, प्रौढ लाजतो. ती लाज सुटली की वयाची अडचण बरीच हलकी होते.