प्रश्नावलीतून मनाचे मोजमाप

- सुरुवात : पहिले महायुद्ध. अमेरिकी सैन्यासाठी रॉबर्ट वुडवर्थ यांची ‘हो-नाही’ उत्तरांची प्रश्नावली. प्रश्न ११६.
- लायकर्ट श्रेणी (१९३२) : ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’. बहुधा पाच पर्याय. जनक रेन्सिस लायकर्ट.
- रोझेनबर्ग आत्मसन्मान मापनी (१९६५) : विधाने १०. पाच स्वतःविषयी चांगले सांगणारी, पाच उणे दाखवणारी. उण्या विधानांचे गुण उलटे धरतात. सरसकट ‘सहमत’वर खूण करणारा यामुळे लक्षात येतो.
- पीएचक्यू-९ : नैराश्याची लक्षणे तपासणारे ९ प्रश्न. काळ गेल्या दोन आठवड्यांचा. ‘अजिबात नाही’ला ०, ‘जवळजवळ रोज’ला ३ गुण. कमाल बेरीज २७. बेरीज १० किंवा जास्त असल्यास पुढील तपासणी. निदान मात्र तज्ज्ञच करतात.
- विश्वसनीयता : त्याच व्यक्तीला थोड्या दिवसांनी तीच प्रश्नावली दिली, तर गुण साधारण तेवढेच येणे.
- वैधता : जे मोजायचे, नेमके तेच मोजले जाणे. विश्वसनीय चाचणी वैध असेलच असे नाही.
- मर्यादा : माहिती उत्तर देणाऱ्याच्याच तोंडची. आठवण दगा देते. चारचौघांत बरे दिसेल असे उत्तर देण्याकडे कल असतो.
- भाषांतर : आधी मराठीत, मग दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत. दोन्ही मसुदे ताडून पाहतात.