कोठडीच्या दिवसांचा हिशेब

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम हे तीन कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलात आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या जिभेवर रुळलेले आकडे एका रात्रीत इतिहासजमा झाले. खुनाचे ३०२ कलम होते ते १०३ झाले, फसवणुकीचे ४२० होते ते ३१८ झाले, जमावबंदीचे १४४ होते ते १६३ झाले. या उलथापालथीचे दुःख करणाऱ्या वकिलांत मी नाही. आकडे पाठ होतात, पुस्तके नवी घेता येतात. माझे शल्य निराळे आहे, आणि ते नव्या प्रक्रिया संहितेच्या १८७ व्या कलमात आहे. जुन्या कायद्याप्रमाणे पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मिळू शकत असे. ती मुदत संपून आरोपी न्यायालयीन कोठडीत, म्हणजे तुरुंगात, रवाना झाला की त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा ठाण्यात आणता येत नसे, आणि हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली निःसंदिग्धपणे सांगितला होता. आता एकूण दिवस पंधराच राहिले, परंतु ते गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही, तुकड्यातुकड्यांनी मागता येतात.

ज्यांचा फौजदारी न्यायालयाशी कधी संबंध आला नाही अशा सुदैवी वाचकांना हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु खुनाच्या खटल्याचा निकाल काय लागला यावरून त्या व्यवस्थेची परीक्षा होत नाही. निकाल लागेपर्यंत, ज्याचा अपराध अजून सिद्ध झालेला नाही अशा माणसाला किती दिवस, कोणाच्या ताब्यात आणि कोणाच्या हुकमाने ठेवले जाते, यावरून ती होते, असे माझे दीर्घ अनुभवान्ती झालेले मत आहे. हा दिवसांचा हिशेब आपल्याकडे फार उशिरा मांडला गेला. तो ज्या दशकात मांडला गेला ते दशक मी वकिलीच्या उमेदवारीत जगलो आहे, म्हणून हा मागोवा.

त्यापूर्वीच्या काळाविषयी मला थोडक्यातच सांगायचे आहे. पेशवाईतील कोतवाल आणि मामलेदार, मुंबई इलाख्यातील १८२७ ची एल्फिन्स्टनची संहिता, मेकॉलेचा १८३७ चा मसुदा, तो कायदा होऊन अंमलात येण्यास लागलेली १८६२ पर्यंतची वर्षे, आणि मग १८६१, १८७२, १८८२ व १८९८ अशा एकामागून एक आलेल्या प्रक्रिया संहिता, हा सारा इतिहास अभ्यासकांनी विस्ताराने लिहिलेला आहे. त्यातली एकच गोष्ट पुढच्या विवेचनासाठी आवश्यक आहे. १८९८ च्या संहितेत तपासाच्या काळातील कोठडीला कागदावर पंधरा दिवसांची मर्यादा होती. परंतु पंधरा दिवसांत तपास पुरा होत नाही हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे पोलीस अपुरेच दोषारोपपत्र दाखल करीत, आणि खटला तहकूब करण्याच्या दुसऱ्याच एका कलमाच्या आधारे दंडाधिकारी कोठडी वाढवीत राहत. कायद्याची मर्यादा अबाधित राही आणि माणूस मात्र महिनोन्‌महिने आत राही.

१ एप्रिल १९७४ रोजी १९७३ ची नवी संहिता अंमलात आली आणि हा शिरस्ता मोडला. तिच्या १६७ व्या कलमाने प्रथमच असे ठरवले की साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क प्राप्त होईल. ती दया नव्हे आणि न्यायाधीशाच्या मर्जीचाही प्रश्न नव्हे. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी ही मुदत नव्वद दिवसांची झाली, तरी तत्त्व टिकले. याच संहितेने अटकपूर्व जामीन आणला, सत्र न्यायालयात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली, आणि ज्याच्या हाताखाली पोलीस काम करतात त्याच अधिकाऱ्याने आरोपीचा इन्साफही करावा ही विसंगती देशभर संपवून न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली आणले. मुंबई राज्यात हे पृथक्करण १९५१ च्या कायद्याने आधीच आरंभले होते, याचा आमच्या ज्येष्ठ वकिलांना रास्त अभिमान होता.

मी सनद घेतली ती याच सुमारास, मराठवाड्याच्या सीमेवरील एका तालुक्याच्या गावी. खबर नोंदवली जाते, तपास अंमलदार घटनास्थळाचा पंचनामा करतो, साक्षीदारांचे जबाब घेतो, मुद्देमाल जप्त करतो, आरोपीस अटक करतो. मग दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, सरतपास, उलटतपास, आरोपीचा जबाब, युक्तिवाद आणि निकाल, हा क्रम मी पुस्तकात वाचला होता तेव्हा तो मला सुघटित वाटला होता. प्रत्यक्षात त्या क्रमाचा पहिला सांधाच निखळलेला होता. राज्यघटनेचा बाविसावा अनुच्छेद सांगतो की अटक केलेल्या माणसास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. परंतु हे चोवीस तास मोजायचे ते ठाणे दैनंदिनीत लिहिलेल्या वेळेपासून, आणि ती वेळ लिहिणारा हात ठाण्याचाच. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात गुरुवारी संध्याकाळी बाजारातून उचललेल्या माणसाची अटक शनिवारी सकाळी दाखवण्याची रीत होती. मधल्या दोन रात्री कोणत्याच दप्तरात नसत. त्या रात्रींतच मारहाण होई, आणि त्या रात्रींतच ‘मी स्वखुशीने जागा दाखवतो’ असे निवेदन तयार होई. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात ग्राह्य नाही, पण त्या निवेदनावरून काही वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य आहे, असा पुरावा कायद्याचा नियम. त्यामुळे निवेदन पंचनाम्यावर सह्या करणारे तेच ते दोन पंच निरनिराळ्या खटल्यांत आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येत. दंडाधिकारी कोठडीच्या हुकमावर सही करताना आरोपीकडे मान वर करून पाहत नसत. मी तक्रारअर्ज केले, ते दप्तरी दाखल झाले, आणि त्यांवर काहीही झाले नाही. इतक्या वर्षांनंतरही त्या ठाण्याविषयी आणि त्या दंडाधिकाऱ्यांविषयी माझ्या मनातील रोष कमी झालेला नाही, व तो कमी व्हावा असे मला वाटतही नाही.

नव्या संहितेला सव्वा वर्ष होते न होते तोच २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. ज्या देशाने नुकताच साठ दिवसांचा हिशेब मान्य केला होता, त्याने मिसा कायद्याखाली सहस्रावधी माणसे आरोपपत्राशिवाय आणि खटल्याशिवाय स्थानबद्ध केली. नऊ उच्च न्यायालयांनी अशा स्थानबद्धांची दाद ऐकता येते असा निर्णय दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी तो मोडीत काढला, आणि एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध राहिले. त्या निष्ठेची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून दिली. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते याची खंत महाराष्ट्रातील वकीलवर्गाने दीर्घकाळ बाळगली. २०१७ साली तो निर्णय चुकीचा होता असे त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले, तेव्हा तो हिशेब कागदोपत्री तरी मिटला. आणीबाणीचा एक परिणाम मात्र इष्ट झाला. येरवडा आणि नाशिक रोडच्या तुरुंगांत प्राध्यापक, संपादक, वकील, पुढारी अशी शिकलेली माणसे जाऊन राहिली आणि ज्याला कच्चा कैदी म्हणतात तो मनुष्य त्यांनी प्रथमच जवळून पाहिला.

म्हणूनच १९७७ नंतरची तीन-चार वर्षे मला या सबंध इतिहासातील सर्वांत उज्ज्वल वाटतात. १९७८ च्या जानेवारीत मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती केवळ कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्यही असली पाहिजे. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आले. त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याचा भाऊ जामीन राहण्यास तयार असताना भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे या सबबीवर तो नाकारला गेला होता. कृष्ण अय्यरांनी त्या हुकमाचा जो समाचार घेतला तो आमच्या बाररूममध्ये मोठ्याने वाचला गेला, कारण सातबाराचा उतारा आणि ऐपतीचा दाखला आणू न शकल्यामुळे किरकोळ चोरीच्या आरोपाखाली आत राहिलेली भूमिहीन माणसे आम्ही रोजच पाहत होतो. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारचे कच्चे कैदी देशापुढे आले. आरोपित गुन्ह्याला जेवढी अधिकात अधिक शिक्षा सांगितली आहे तिच्याहून अधिक काळ ते खटल्याविना तुरुंगात होते. न्यायमूर्ती भगवतींनी जलद सुनावणी हा जीवित-स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या काळी जिल्ह्याच्या ठिकाणचे वार्ताहर सत्र न्यायालयात दिवसभर बसून उलटतपास टिपून घेत, आणि नामवंत फौजदारी वकील वर्षाकाठी काही खटले फी न घेता चालवीत. या दोन्ही गोष्टी आता दुर्मिळ झाल्या आहेत. आज खटल्याचा निकाल अटकेच्या संध्याकाळीच वाहिन्यांवर लागतो.

त्याच दशकात महाराष्ट्राची मान खाली घालणारे प्रकरणही घडले. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात, जबाबासाठी रात्री बोलावलेल्या एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर ठाण्याच्याच आवारात अत्याचार झाल्याची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भयाने मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे असे म्हणून त्यांना शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या कारणास्तव, पुन्हा मुक्त केले. ठाण्याच्या आत, अंधारात, वर्दीपुढे उभ्या असलेल्या मुलीने प्रतिकाराचा पुरावा अंगावर वागवावा ही अपेक्षा मला त्या दिवशी असह्य वाटली आणि आजही वाटते. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा झाला, अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असा नियम झाला, आणि पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई झाली. ज्या मुलीमुळे हे घडले तिला स्वतःला न्याय मिळाला नाही.

१९८३ नंतरची वर्षे मी भराभर ओलांडतो. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने, १९७९ ते १९८१ या काळात दिलेल्या आठ अहवालांपैकी तिसऱ्यात, सुमारे साठ टक्के अटका अनावश्यक अथवा असमर्थनीय असल्याचे नमूद केले होते. ते अहवाल पंचवीस वर्षे धूळ खात पडले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतरही बहुतेक राज्यांनी ते कागदापुरतेच पाळले. १९९६ साली अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम आले, २०१४ साली सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये असे बजावले गेले, २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा हुकूम झाला. न्यायालय बोलत राहिले. ठाणे ऐकत राहिले नाही. आजही देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कैदी कच्चे आहेत.

नव्या संहितेत चांगले काहीच नाही असे मी म्हणणार नाही. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे, झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढल्यास, गुन्हा फाशी वा जन्मठेपेचा नसेल तर, त्याला सोडणे, या तरतुदी मनापासून अंमलात आल्या तर त्या नेहमीच्या दोन पंचांची सद्दी संपेल. परंतु कोठडीचे दिवस पसरवून देणारे कलम त्या सर्वांच्या विरुद्ध दिशेने जाते. जामिनाच्या अर्जावर ‘आमचे काही दिवस अद्याप शिल्लक आहेत’ असे उत्तर देण्याची सोय त्याने पोलिसांना दिली आहे, आणि तुरुंगात पोहोचलेल्या माणसाची पुन्हा ठाण्यात नेले जाण्याची धास्ती कित्येक आठवडे लांबवली आहे. १९७४ साली कमावलेले त्याने अर्धेअधिक परत घेतले, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. संसदेने हे कलम दुरुस्त करून पोलीस कोठडी पुन्हा पहिल्या पंधरा दिवसांतच बंदिस्त करावी.

तोपर्यंत वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरातील, वाड्यातील वा वस्तीतील कोणालाही पोलिसांनी नेले तर त्याला नेल्याची तारीख आणि वेळ त्याच क्षणी कागदावर लिहून ठेवा, त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, फिर्यादी आपल्यापैकी असेल तर खबरेची प्रत विनामूल्य मागून घ्या, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे त्याच दिवशी अर्ज द्या. दंडाधिकाऱ्यासमोर उभे केल्यावर तो कागद पुढे करा आणि त्यावरील वेळ रोजनाम्यात नोंदवण्याचा आग्रह धरा.