जमिनीत मुरलेलं ४ लाख लिटर तेल जिवाणूंनी कसं पचवायला घेतलं? दूषित भूजल आपोआप स्वच्छ होतं का?

"जमिनीतून आलेलं पाणी आहे, गाळूनच येतं." विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याबद्दल आपल्याकडे हे वाक्य सर्रास ऐकायला मिळतं. ते अगदीच चुकीचं नाही. जमिनीखाली पाणी स्वच्छ करणारी एक यंत्रणा खरोखरच असते. पण ती काय करू शकते आणि काय नाही, हे माहीत नसेल तर याच वाक्यावर विसंबून आपण दूषित पाणी पिऊ शकतो.

ही यंत्रणा कशी चालते, याचा सगळ्यात बारकाईने अभ्यास जिथे झाला, त्या ठिकाणांपैकी एक अमेरिकेत आहे. तिथे हा प्रयोग कुणी ठरवून केला नव्हता. तो एका अपघाताने सुरू झाला.

बेमिजीमध्ये काय घडलं होतं?

२० ऑगस्ट १९७९. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी शहराजवळ कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल बाहेर पडलं. १२ हजार लिटरच्या टँकरने मोजायचं झालं, तर १४० पेक्षा जास्त टँकर.

साफसफाई लगेच सुरू झाली. साचलेलं तेल पंपाने उपसलं, काही जाळलं, तेलाने माखलेली माती खणून काढली. जवळपास तीन चतुर्थांश तेल असं हटवलं गेलं. तरीही सुमारे ४ लाख लिटर तेल वाळू-रेतीच्या थरांतून खाली झिरपलं आणि भूजलाच्या पातळीवर तवंगासारखं जाऊन बसलं. तिथून बेंझीनसारखे घातक घटक पाण्यात विरघळू लागले. बेंझीनमुळे कर्करोग होऊ शकतो.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने, इथे अभ्यास सुरू केला. संशोधकांनी ठिकठिकाणी निरीक्षण विहिरी घेतल्या आणि प्रदूषण किती पुढे सरकतंय, हे वर्षानुवर्षं मोजलं.

१९९६ पर्यंत, म्हणजे १७ वर्षांत, पाण्यात विरघळलेलं प्रदूषण साधारण २०० मीटर पुढे गेलं होतं. भूजल मात्र तेवढ्या काळात त्याहून बरंच पुढे वाहून गेलं होतं. मग प्रदूषण मागे का राहिलं? कारण वाटेत कुणीतरी ते खात होतं.

कोण खात होतं?

जमिनीतले जिवाणू. तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं. जिवाणूंसाठी ते अन्नच. पण अन्न पचवून त्यातून ऊर्जा मिळवायची, तर श्वासही घ्यावा लागतो. आपण त्यासाठी ऑक्सिजन वापरतो. जिवाणूही आधी ऑक्सिजनच वापरतात, पण तो संपला म्हणून त्यांचं काम थांबत नाही.

ऑक्सिजन संपला की काही जिवाणू नायट्रेट वापरतात. मग मॅंगनीज आणि लोह, पुढे सल्फेट. हे सगळं संपलं की मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा कमी मिळते आणि कामही सहसा मंदावतं. बेमिजीमध्ये लोह वापरणारे आणि मिथेन तयार करणारे, असे दोन्ही प्रकार संशोधकांना सापडले.

जिवाणूंशिवाय आणखीही काही प्रक्रिया चालू असतात. प्रदूषक मातीच्या कणांना चिकटतात, वाफ होऊन वर जातात, जास्त पाण्यात मिसळून विरळ होतात. पण इथे एक फरक आहे. विरळ झालेलं किंवा मातीला चिकटलेलं प्रदूषण नष्ट झालेलं नसतं. जिवाणू मात्र बेंझीनचा रेणूच मोडतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाणी उरतं. खरी सफाई म्हणायची तर ही.

म्हणजे निसर्गावर सोडून दिलं की झालं?

नाही. याचं उत्तरही बेमिजीमध्येच मिळालं.

तिथल्या वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजासारखा, पातळ थर होता. त्या थराला निसर्गतःच थोडं आर्सेनिक चिकटलेलं होतं. ते तिथे घट्ट बसलेलं असेपर्यंत पाण्याला धोका नव्हता. तेल पचवताना जिवाणूंनी हेच लोह वापरलं. लोह पाण्यात विरघळलं आणि त्याच्याबरोबर आर्सेनिकही सुटलं.

प्रदूषित पट्ट्यातल्या भूजलात आर्सेनिकचं प्रमाण लिटरमागे २३० मायक्रोग्रॅमपर्यंत गेल्याचं आढळलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे २३ पट. सांडलं होतं तेल आणि पाण्यात आलं आर्सेनिक. फक्त बेंझीन मोजत बसलं असतं, तर हे कळलंच नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. १९९९ पासून काही वर्षं इथे पुन्हा पंप लावून आणखी तेल काढण्यात आलं. तरी काही तेल जमिनीत उरलंच. चार दशकं उलटून गेल्यावरही ही जागा संशोधकांच्या देखरेखीखाली आहे.

मग हा उपाय अधिकृतपणे वापरतात का?

हो. त्याला 'मॉनिटर्ड नॅचरल अॅटेन्युएशन' म्हणतात. सोप्या भाषेत, देखरेखीखाली होऊ दिलेली नैसर्गिक सफाई. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ठामपणे सांगितलंय की याचा अर्थ 'काहीच न करणं' असा नाही.

प्रदूषणाचा स्रोत आधी रोखायचा. प्रदूषण पसरत नाही ना, हे नियमित मोजायचं. सफाई खरंच होतेय, याचा पुरावा द्यायचा. आणि झाली नाही तर दुसरा उपाय तयार ठेवायचा. टाकी गळतच असेल, तर जिवाणूंनी कितीही खाल्लं तरी ताट भरलेलंच राहणार.

सगळीच प्रदूषकं अशी साफ होतात का?

इथे प्रत्येकाचं गणित वेगळं आहे.

पेट्रोल-डिझेल: यातले बरेच घटक जिवाणू मोडू शकतात. ऑक्सिजन असेल तर काम लवकर होतं.

नायट्रेट: खतं, शेणखताचे ढीग आणि शौचालयाचे शोषखड्डे यांतून येतं. याचं नेमकं उलट आहे. ऑक्सिजन नसेल आणि जिवाणूंना अन्न मिळालं, तरच ते नायट्रेटचं निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. उथळ विहिरीच्या पाण्यात ऑक्सिजन असतो, म्हणून तिथे नायट्रेट वर्षानुवर्षं टिकू शकतं.

ट्रायक्लोरोएथिलीन: यंत्रांचे भाग धुण्यासाठी वापरलं जाणारं रसायन. जिवाणू त्याचे तुकडे करतात, पण वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होतं. ते कर्करोगकारक आहे. काम अर्धवट थांबलं, तर आगीतून फुफाट्यात.

जड धातू: हे मूलद्रव्यच असल्याने मोडत नाहीत. काहींचं रूप बदलतं. विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं योग्य परिस्थितीत कमी घातक आणि सहज न विरघळणाऱ्या रूपात रूपांतर होतं. पण ते जमिनीतच राहतं.

महाराष्ट्रात काय वेगळं आहे?

बेमिजीची जमीन वाळू आणि रेतीची आहे. तिथे पाणी कणाकणांतून सावकाश सरकतं, त्यामुळे जिवाणूंना वेळ मिळतो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या खडकावर आहे. इथे भूजल मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये असतं. भेगांतून पाणी वेगाने जाऊ शकतं. माती पातळ असेल, तर गाळलं जाण्याची संधीही कमी. त्यामुळे शोषखड्डा किंवा गळकी टाकी विहिरीपासून 'बऱ्यापैकी लांब' आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

आपण काय लक्षात ठेवायचं?

पाणी नितळ दिसतं म्हणून ते शुद्ध असेलच असं नाही. नायट्रेट आणि आर्सेनिकला रंग नसतो, वास नसतो, चवही कळत नाही. पाणी उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट किंवा आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. घरात बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ असेल, तर हा आकडा आणखी महत्त्वाचा, कारण जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये पाण्याची तपासणी होते. विहिरीजवळ शोषखड्डा, पेट्रोल पंप किंवा कारखान्याचं सांडपाणी असेल, तर ती करून घ्यावी. जमिनीखालचे जिवाणू त्यांचं काम करत असतीलही. पण त्याला किती वर्षं लागतील, हे त्यांच्या हातात नाही आणि तहान तर आजच लागते.