घरातल्या ऑडिओ सिस्टीमचा विमा

अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल जमवता जमवता लाखाचा आकडा सहज ओलांडला जातो. विम्याचा विचार मात्र मागेच राहतो. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. इमारतीचा विमा घेतला की सर्वसाधारण घरसामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण मिळते. जास्त हवे असल्यास प्रस्ताव अर्जात तपशील द्यावा लागतो. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा काढता येतो.

आग, पूर, भूकंप यांत झालेले नुकसान यात येते. पण शॉर्टसर्किटने अ‍ॅम्प्लिफायर जळाला, तर त्याच यंत्राची भरपाई मिळत नाही. त्यातून भडकलेल्या आगीत इतर वस्तू जळाल्या, तर त्यांची मिळते. चोरीचे संरक्षणही मर्यादित आहे: विमित दुर्घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेलीच चोरी धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी आणि यंत्रातील बिघाडासाठी वेगळे संरक्षण घ्यावे.

बिले, सीरियल नंबर आणि फोटो घराबाहेर किंवा ऑनलाइन जपून ठेवा. दाव्याच्या वेळी तेच कामी येतात.