टाकाऊ सेलमधून पिकांचे पोषण

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात भात, तर इतरत्र बाजरी, मका व कांदा ही पिके घेतली जातात. या पिकांना नत्र, स्फुरद व पालाशाबरोबरच अल्प प्रमाणात जस्त आणि मँगनीज यांचीही गरज असते. जस्त कमी पडल्यास मक्याच्या कोवळ्या पानांवर पांढरट पट्टे उमटतात व भाताची वाढ खुंटते.

विजेरी व घड्याळाच्या साध्या सेलमध्ये हेच दोन धातू प्रामुख्याने असतात. फिनलंडमधील ट्रेसग्रो या कंपनीने वापरलेल्या अल्कलाइन सेलपासून द्रवरूप खत तयार करून दाखविले आहे. सेल दळून लोखंड व कागद वेगळे केल्यावर उरणारी काळी भुकटी आम्लात विरघळविली जाते. त्यानंतर अपायकारक धातू काढून टाकले जातात. हे शुद्धीकरण हाच या प्रक्रियेचा गाभा होय.

भारतात १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार २१ टक्के जस्त असलेल्या झिंक सल्फेटमध्ये शिसे ०.००३ टक्के व कॅडमियम ०.००२५ टक्के यांहून अधिक चालत नाही. एवढी शुद्धता घरी साधणे अशक्य आहे. म्हणून सेल फोडून शेतात टाकू नयेत, तसेच ते उकिरड्यातही जाऊ देऊ नयेत. शेणखताबरोबर विषारी धातू जमिनीत उतरतात. वाहनांच्या बॅटऱ्यांत तर शिसेच असते.

वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. शेतकऱ्यांनी सेल वेगळे साठवून संकलन केंद्राकडे द्यावेत आणि माती परीक्षणानंतरच प्रमाणित जस्तखत वापरावे, हेच हिताचे आहे.