प्रोजेक्टर बसविण्याचा धंदा : आधी टेप, मग यंत्र

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरातील एका शाळेच्या सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचा कार्यक्रम होता. संयोजकांमध्ये आम्हीही होतो. मुलांची नावे, गुण आणि छायाचित्रे मोठ्या पडद्यावर दाखवावीत असे ठरले आणि ते काम आमच्या ओळखीच्या एका वायरमन तरुणाला देण्यात आले. त्याने नुकतेच कर्ज काढून प्रोजेक्टर विकत घेतला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत '९००० लुमेन' असे छापलेले होते. सकाळी अकरा वाजता कार्यक्रम सुरू झाला, पडद्यावर काहीतरी फिकट हलू लागले आणि मागच्या रांगांतून पालक विचारू लागले, "भाई, नाव कुठे आहे?" शेवटी सगळी यादी माइकवरून वाचून दाखवावी लागली.

संस्थेने ठरलेल्या भाड्याची निम्मीच रक्कम दिली. त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्याच सभागृहात कायमचा प्रोजेक्टर बसविण्याचे जे काम त्याला मिळणार होते, ते थांबले. चार दिवसांनी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, यंत्र नवं आहे, वायर नवी आहे, मग चूक कुठे झाली?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही जे शिकलो, ते या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या वाचकांसमोर ठेवीत आहोत. वायरमन, मंडपवाले, साऊंड सर्व्हिसवाले अशा अनेकांना आता प्रोजेक्टरची विचारणा होते. शाळा, मंगल कार्यालये, क्लासेस, दवाखान्यांची सभागृहे, सर्वत्र तो बसविला जात आहे.

लुमेन आणि लक्स

आम्ही एका जाणकाराकडून लक्स मीटर मागून आणला. मोबाईलमधील ॲपवर विसंबून राहू नये, कारण निरनिराळ्या मोबाईलवर निरनिराळे आकडे येतात. लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, तर लक्स म्हणजे एका चौरस मीटर जागेवर पडणारा प्रकाश. मोजण्याची रीत सोपी आहे. सभागृह पूर्ण अंधारे करायचे, पडद्यावर कोरे पांढरे चित्र टाकायचे, त्याचे नऊ सारखे चौकोन कल्पायचे आणि प्रत्येकाच्या मध्यावर मीटर धरायचा. नऊ आकड्यांच्या सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणले की लुमेन मिळतात. 'अँसी लुमेन' म्हणतात ते याच पद्धतीचे. आता आयएसओ २१११८ या आंतरराष्ट्रीय मानकातही नऊ बिंदूंचीच रीत आहे.

सभागृहाचा पडदा १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच, म्हणजे सुमारे साडेसात चौरस मीटर. नऊ ठिकाणची सरासरी आली ११० लक्स. गुणाकार केला तर सुमारे ८३० लुमेन! खोक्यावरचे ९००० कोठून आले? स्वस्त यंत्रांचे विक्रेते पुष्कळदा आतील दिव्याचाच उजेड लुमेन म्हणून छापतात, काही तर मनाला येईल तो आकडा छापतात. भिंगातून बाहेर किती येतो याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून खरेदी करताना 'अँसी' किंवा 'आयएसओ' हा शब्द बिलावर लिहून मागावा. दुकानदार लिहून देण्यास का-कू करू लागला तर समजून घ्यावे.

परंतु सगळा दोष खोक्यावर ढकलून चालणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, खिडक्या उघड्या आणि ट्यूबलाइट चालू असताना, प्रोजेक्टर बंद ठेवून आम्ही त्याच पडद्यावर मीटर धरला. १०० लक्स! येथेच सारे कोडे उलगडले. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर बाहेरून जो उजेड पडतो, तोच तेथील 'काळा' होय. म्हणजे पांढरे २१० आणि काळे १००, जेमतेम दुप्पट फरक. सर्वसाधारण पाहण्यासाठी हा फरक निदान सातपट असावा आणि वाचून माहिती लक्षात घ्यायची असेल तर पंधरापट, असे या व्यवसायातील मानक सांगते. दुपटीत नाव कसे वाचता येणार?

गंमत अशी की, चित्रपटगृहातील पडद्याच्या पांढऱ्याची तेजस्विता दर चौरस मीटरला ४८ कँडेला असावी असे डिजिटल सिनेमाचे मानक आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर त्यासाठी सुमारे १५० लक्स पुरतात. आमच्या तरुणाच्या ११० पेक्षा ते फार जास्त नाहीत. फरक फक्त अंधाराचा. जत्रेत तंबू सिनेमा चालविणारी मंडळी रात्र पडल्याशिवाय खेळ का सुरू करीत नसत, हे यावरून लक्षात येते. याच फिरत्या सिनेमावाल्यांवर आणि रिळांकडून डिजिटल प्रोजेक्टरकडे जाताना झालेल्या त्यांच्या ओढाताणीवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली आला. या धंद्यातील तरुणांनी तो अवश्य पाहावा.

जागा ठरविणे

शाळेने पुढे काम पुन्हा सुरू केले. या वेळी यंत्र शाळेने स्वतः घेतले : लेसरवर चालणारे, ६००० लुमेनचे, आडवे १९२० आणि उभे १२०० ठिपके असलेले. बसविण्याचे काम मात्र त्याच तरुणाला मिळाले. त्यासाठी आम्हाला बरीच रदबदली करावी लागली, हेही येथे नमूद करतो.

पहिला हिशेब अंतराचा. प्रत्येक यंत्राच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. या यंत्राचा तो १.५ ते २.४ होता. पडदा १२ फुटांचा, म्हणून भिंग पडद्यापासून १८ फुटांपेक्षा जवळ नको आणि पावणेएकोणतीस फुटांपेक्षा लांब नको. मुख्याध्यापकांचा आग्रह होता की यंत्र मागच्या भिंतीवर, ४० फुटांवर लावावे, म्हणजे दिसण्यात येणार नाही. तेथून लहानात लहान चित्रही साडेसोळा फुटांच्या पुढे गेले असते. मग ते डिजिटल झूमने आक्रसावे लागते, म्हणजे विकत घेतलेले ठिपके आणि प्रकाश दोन्ही वाया. आम्ही २१ फूट ठरविले. झूमच्या लांबच्या टोकाला भिंगातून प्रकाश कमी येतो, म्हणून जवळच्या बाजूला राहिलेले बरे.

टेप धरून उभे राहिल्यावर दिसले की २१ फुटांवरून निघणारा झोत बरोबर एका छताच्या पंख्यातून जातो. पंखा फिरला की चित्र लुकलुकणार. कागदावरच्या नकाशात पंखे नसतात! पंखा दोन फूट बाजूला सरकविला.

टांगणी स्लॅबलाच असावी, पीओपीच्या फॉल्स सीलिंगला कदापि नव्हे. सोळा-सतरा किलोचे यंत्र लोकांच्या डोक्यावर लटकणार असते. फास्टनर वजनाच्या कित्येक पट ताकदीचे घ्यावेत आणि त्याखेरीज एक स्टीलची सुरक्षा-तार वेगळ्या खिळीला बांधावी. यंत्राला हवा घेण्याची आणि गरम हवा सोडण्याची तोंडे असतात. माहितीपत्रकात दिलेली मोकळी जागा तेथे सोडलीच पाहिजे. सुंदर दिसावे म्हणून लाकडी पेटीत कोंडलेले यंत्र उष्णतेने स्वतःच बंद पडते, आणि तेही नेमके पाहुणे बोलायला उभे राहिल्यावर.

आता सरळपणा. भिंग पडद्याच्या मध्यरेषेवर आले की नाही, हे ओळंबा लावून पाहिले. त्यानंतर भिंगापासून पडद्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी ताणली. दोन्ही दोऱ्या सारख्या भरेपर्यंत टांगणी हलविली. दहा मिनिटांचे काम, पण नव्वद टक्के बसविणारे ते करीत नाहीत असा आमचा अंदाज आहे. ते यंत्र वाकडेतिकडे टांगतात आणि रिमोटवरील 'कीस्टोन' बटण दाबून चित्र चौकोनी करून घेतात. कीस्टोनमध्ये भिंगाला काहीच होत नाही. यंत्र चित्रच तासून लहान करते, अक्षरांच्या कडा मऊ पडतात आणि उरलेल्या जागेत राखाडी पट्टा दिसत राहतो. उलट 'लेन्स शिफ्ट'मध्ये भिंग प्रत्यक्ष वर-खाली सरकते आणि एकही ठिपका वाया जात नाही. म्हणून ज्या यंत्राला लेन्स शिफ्ट आहे त्याला चार पैसे जास्त देण्यात आम्हाला गैर वाटत नाही.

वीज आणि वायर

साधी एचडीएमआय वायर पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. व्यासपीठापासून भिंतीवरून, छतावरून यंत्रापर्यंतचा मार्ग मोजला तर २५ मीटर भरला. म्हणून एचडीबेसटी पद्धतीची जोडी लावली. ती एका कॅट-६ वायरवरून १०० मीटरपर्यंत चित्र नेते. वायर अस्सल तांब्याची घ्यावी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. विजेच्या पाइपातून ती ओढू नये. आणि एक ओढायची असेल तेथे दोन ओढाव्यात.

प्रोजेक्टर एका फेजवर, व्यासपीठावरील लॅपटॉप दुसऱ्या फेजवर आणि अर्थिंग कच्चे, असे असले की पडद्यावर आडवे पट्टे सरकतात आणि स्पीकरमध्ये घरघर येते. दोघांना एकाच फेजवरून आणि एकाच पक्क्या अर्थिंगवरून वीज द्यावी. जुन्या, पाऱ्याच्या दिव्याच्या यंत्रात आणखी एक पथ्य आहे : काम संपताच मेन स्विच बंद करू नये. पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी, नाहीतर दिवा आतल्या आत तापून लवकर जातो. दिवा फुटलाच तर खिडक्या उघडून खोली रिकामी करावी, कारण आत पारा असतो. लेसरच्या यंत्राला दिवा बदलण्याचा त्रास नाही. साधारण २०,००० तासांनी त्याचा प्रकाश निम्म्यावर येतो असे बहुतेक कंपन्या सांगतात. पण त्याच्या चालू भिंगात डोकावू नये. शिडीवर चढलेला मदतनीस नेमके हेच करतो.

जुळवणी

यंत्र चालू करून अर्धा तास थांबावे. भिंग तापले की फोकस किंचित सरकतो. थंड यंत्रावर केलेला फोकस कार्यक्रमात बिघडतो आणि मग ऑपरेटर सर्वांसमोर शिडी आणतो. त्यानंतर यंत्रातीलच चौकड्यांचे चाचणी-चित्र लावून आधी शिफ्ट, मग झूम, मग फोकस असा क्रम ठेवावा. फोकस मध्यभागी करून चारही कोपरे जवळ जाऊन पाहावेत.

'ब्राइटनेस' हे उजेड वाढविण्याचे बटण आहे, असा सार्वत्रिक गैरसमज दिसतो. ते काळ्याची पातळी ठरविते आणि 'कॉन्ट्रास्ट' पांढऱ्याची. चित्र फिके दिसले की लोक ब्राइटनेस वाढवितात आणि ते आणखी धुरकट होते. राखाडी पायऱ्यांचे चाचणी-चित्र लावून सर्वांत गडद दोन पायऱ्या जेमतेम वेगळ्या दिसतील तेथे ब्राइटनेस आणि सर्वांत फिकट दोन वेगळ्या दिसतील तेथे कॉन्ट्रास्ट थांबवावा. 'डायनॅमिक' नावाच्या रंगछटेत उजेड जास्त दिसतो, पण माणसांचे चेहरे हिरवट होतात. सत्कारमूर्ती हिरवे दाखविण्यात काय अर्थ? लॅपटॉपचे रिझोल्यूशनही यंत्राच्या ठिपक्यांशी जुळवून घ्यावे.

शेवटी मीटर. पडदा १६:९ प्रमाणाचा असल्याने १२०० पैकी १०८० ओळीच वापरात आल्या, म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश तेथेच वजा झाला. ५४०० लुमेन धरले तर हिशेबाने पडद्यावर ७१७ लक्स यायला हवे होते, मीटरने ६९० दाखविले. बाहेरच्या १०० लक्सच्या उजेडात फरक जवळजवळ आठपट. पालकांना नावे वाचता येतील, पण तक्त्यातील बारीक आकडे नाहीत. मग पडद्याजवळच्या दोन ट्यूब स्वतंत्र स्विचवर घेतल्या आणि शेजारच्या दोन खिडक्यांना जाड पडदे लावले. पडद्यावरील परका उजेड ४० लक्सवर आला आणि फरक अठरापटीवर गेला. दोन पडदे आणि एका स्विचचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे काहीच नव्हे. नुसत्या यंत्राच्या जोरावर इतका फरक मिळवायचा असता तर दुपटीहून अधिक लुमेन विकत घ्यावे लागले असते.

त्या पहिल्या स्वस्त यंत्राचे काय झाले, असे वाचक विचारतील. ते एका क्लासच्या अंधाऱ्या खोलीत सात फुटांच्या पडद्यावर चालू आहे आणि तेथे सुमारे सव्वातीनशे लक्स देते. क्लासची तक्रार नाही. त्याच्या भाड्यातून हप्ता निघतो, मात्र बिलावर तरुण आता ८३० लुमेन असेच लिहितो.

शाळेच्या यंत्राचा फिल्टर दीड महिन्याने उघडला तेव्हा त्यावर मैदानातील तांबड्या मातीचा थर बसलेला होता. आता तो दर महिन्याला साफ होतो आणि यंत्राचे तास वहीत लिहिले जातात. शाळेने वार्षिक देखभालीचा करार मागितला आहे. त्याचा मसुदा आम्ही दोघे मिळून करीत आहोत. कार्यक्रमाच्या वेळी पडद्याजवळच्या त्या दोन ट्यूब बंद ठेवण्याची जबाबदारी शाळेच्या शिपायाची राहील, हे कलम त्यात पहिल्या क्रमांकावर घातले आहे.